नवजात बाळाची त्वचा : थांबायचे कधी, धावायचे कधी?



घरात बाळ आले की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. बाळ कुणावर गेले याची चर्चा झाली की प्रत्येकीची नजर त्याच्या अंगावरून फिरते आणि प्रश्न सुरू होतात. ‘अगं, हे लाल लाल काय उठलंय?’ ‘पाठीवर निळं कशानं झालं?’ ‘कानाची पाळी बघ, सावळंच होणार बरं का.’ बाळंतीण गप्प बसून ऐकते. टाके ओले, अंगात ताकद नाही, दूध नुकते उतरू लागलेले, आणि त्यात ही तपासणी. संध्याकाळपर्यंत घरात चार तऱ्हेची औषधे जमा होतात. कुणी हळद आणते, कुणी जुने तूप, कुणी अंगारा, आणि बाळाचा काका मेडिकलच्या दुकानातून एखादी ट्यूब घेऊन येतो.

आज या सदरात त्याच विषयावर बोलू. पहिल्या महिन्यात बाळाच्या अंगावर जे काही दिसते त्यातले बहुतेक आपले आपण जाते. त्याला काहीही लावायचे नसते. थोड्या खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा असतो. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलटे घडते. जिथे हात लावायचा नाही तिथे चोळमोळ चालते, आणि जिथे धावायचे तिथे ‘उद्या बघू’ म्हटले जाते.

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा, चिकट थर असतो. काखेत, मानेच्या वळ्यांत, जांघेत तो जास्त असतो. पुष्कळांना तो घाण वाटतो आणि कधी एकदा बाळाला कढत पाण्याने न्हाऊ घालतो असे होऊन जाते. पण तो थर म्हणजे घाण नव्हे. आईच्या पोटात पाण्यात वाढणाऱ्या बाळाची त्वचा त्यानेच सांभाळलेली असते. बाहेर आल्यावरही तो त्वचेची ओल टिकवतो, जंतूंना अडवतो. अंगावरचे रक्त-पाणी मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, थर खरवडू नये. पहिली अंघोळ जन्मानंतर २४ तास उलटल्यावर घालावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ओल्या अंगाने बाळ फार लवकर गार पडते. तोवर त्याची जागा आईच्या उघड्या छातीशी, वरून दुपटे.

अंघोळीची घाई होते त्यामागे आणखी एक कारण असते, ते स्पष्ट बोलले पाहिजे. ते म्हणजे विटाळ. बाळाचा विटाळ, बाळंतिणीचा विटाळ, तिच्या बाजेला हात लागला तर विटाळ. ज्या समाजाने हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्याच समाजाच्या घरात तो आपल्याच सुनेसाठी वापरला जावा, हे मला तरी ऐकवत नाही.

आता पुरळाकडे वळू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाच्या छातीवर, तोंडावर, पाठीवर लाल चट्टे उठतात. मधोमध एखादा पिवळट ठिपका असतो. ढेकूण चावल्यासारखे दिसते. आज छातीवर असलेले चट्टे उद्या तिथून जातात आणि मांडीवर येतात. तळहात-तळपायांवर ते सहसा नसतात. पूर्ण दिवसांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हे होते. डॉक्टरी नाव मोठे भीतिदायक आहे, इरिथेमा टॉक्सिकम, म्हणजे ‘विषारी लाली’. नावात विष असले तरी चट्ट्यांत विष नाही. बाळ नीट दूध पीत असेल, अंगात ताप नसेल, तर हे चट्टे आठ-पंधरा दिवसांत जातात.

पण घरात काय होते? ‘आईने गरम खाल्ले, म्हणून बाळाला उष्णता झाली.’ की लगेच बाळंतिणीच्या ताटातली अंडी गेली, मासळी गेली, डाळ गेली, फळे तर आधीच बंद होती. उरतो भात आणि तूप. ज्या बाईला दोन जिवांचे खायचे आहे तिला अर्धपोटी ठेवून चट्टे जात नाहीत, तिच्या अंगातले रक्त तेवढे कमी होते. बाळाच्या या चट्ट्यांचा आणि आईच्या ताटाचा काहीही संबंध नाही.

नाकावर आणि गालांवर मोहरीहून बारीक पांढरे दाणे दिसतात, तेही असेच. कातडीचे सूक्ष्म कण आत अडकल्याने ते होतात, काही आठवड्यांत जातात. पिळू नयेत. तसेच मोत्यासारखे दाणे तोंडात, वरच्या बाजूला किंवा हिरड्यांवर असतात. कुणी त्यांना दात समजते, आणि मग बोटाला मीठ लावून घासून फोडण्याचा उद्योग होतो. तसे करू नका, तोंडात जखम होऊन जंतू शिरतात. छातीला गाठीसारखी सूज आली, मुलगा असो वा मुलगी, थेंबभर दूध आले, तर तेही आईच्या शरीरातल्या रसांमुळे. ते पिळून काढण्याची जुनी खोड आहे. पिळल्याने तिथे गळू होते आणि चिरावे लागते. हातापायांची कातडी सोलवटते, विशेषतः दिवस वर गेलेल्या बाळांची. तिच्याखाली नवी कातडी तयार असते. एवढे सगळे सोडून द्यायचे.

निळ्या डागाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगते, कारण त्याने घरे मोडता मोडता राहिलेली मी पाहिली आहेत. मुंबईतल्या एका चाळीत एक भगिनी बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी कामावर जाऊ लागली. बाळाला शेजारच्या मावशींकडे ठेवायची. एका रविवारी बाळाला अंघोळ घालताना नणंदेला त्याच्या ढुंगणावर आणि कमरेवर निळसर काळे डाग दिसले. झाले! ‘मावशी, तुम्ही बाळाला चिमटे काढता का हो?’ असे सरळ तोंडावर विचारले गेले. मावशी रडल्या. ज्या बाईने त्या घरातल्या दोन पिढ्यांची पोरे सांभाळली, तिच्याशी बोलणे बंद झाले. खरे पाहता तो डाग बाळाच्या जन्मापासून तिथेच होता, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाकडे कुणी नीट पाहिलेच नव्हते.

हा डाग आपल्याकडच्या बहुसंख्य बाळांना असतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आईच्या पोटातच बाळाच्या पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून वर त्वचेत येतात. काही पेशी वाटेतच, खोल थरात राहून जातात. खोलवरचा काळा रंग वरून पाहताना निळा दिसतो, जशी मनगटावरची शीर निळी दिसते. माराचा वण पाच-सहा दिवसांत हिरवा, मग पिवळा होतो आणि पंधरवड्यात जातो, दाबला तर दुखतो. हा डाग रंग बदलत नाही, दुखत नाही. तीन ते पाच वर्षांत हळूहळू फिका होऊन जातो. ग्रहण पाहिल्याने तो होत नाही, सुरी-विळी हाती धरल्याने होत नाही, सटवाईच्या मारानेही होत नाही. प्रसूतिगृहातून सुट्टी घेताना बाळाला उजेडात उघडे करून पाहावे, असा डाग असला तर सिस्टरना सुट्टीच्या कागदावर लिहायला सांगावे. पुढे कुणा मावशीवर, कुणा सुनेवर बालंट येणार नाही.

या डागाला डॉक्टरी पुस्तकांत ‘मंगोलियन डाग’ असे नाव पडले, त्याची कथा आपल्या वाचकांनी ऐकावी अशी आहे. जपानात वैद्यक शिकवणारे एर्विन बेल्झ नावाचे जर्मन डॉक्टर होते. १८८० नंतरच्या काळात त्यांनी जपानी बाळांच्या अंगावर हा डाग पाहिला आणि ती मंगोल वंशाची खूण आहे असे लिहिले. पुढे तोच डाग आफ्रिकेतल्या बाळांत, भारतातल्या बाळांत, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या बाळांत आणि थोड्या गोऱ्या बाळांतही सापडला. वंशाची खूण म्हणून उभारलेले शास्त्र बाळाच्या ढुंगणावरच कोसळले. आता डॉक्टर ते नाव टाळतात. शरीराची मापे घेऊन माणसांत वंश आणि उच्च-नीच ठरवण्याचा हा उद्योग आपल्या देशातही झाला होता. अस्पृश्यांच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकांच्या मोजमापाचे तेच आकडे हाती घेतले, आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत हे त्या आकड्यांवरूनच दाखवून दिले.

एवढे वाचलेल्या समाजात ‘कानाची पाळी बघ’ हे वाक्य अजून ऐकू येते. बाळ जन्मते तेव्हा लालसर किंवा गुलाबी दिसते, कारण त्याच्या त्वचेत रंग अजून पुरता तयार झालेला नसतो. पुढच्या काही महिन्यांत ते आपल्या खऱ्या रंगावर येते. तो रंग आई-वडिलांकडून आलेला असतो. केशर प्यायल्याने तो बदलत नाही, साबणाने बदलत नाही, बेसन-साय चोळल्यानेही बदलत नाही. लव जावी, रंग उजळावा म्हणून कणकेच्या गोळ्याने बाळाचे अंग घासणाऱ्या आज्या मला माहीत आहेत. आजी, तुमच्या हाताला माया आहे हे कबूल. पण बाळाची कातडी आपल्या कातडीपेक्षा फार पातळ असते. त्या घासण्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि जंतूंना दार उघडे होते. लव महिना-दोन महिन्यांत आपोआप गळते. आणि मुलगी सावळी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी एकदा भिंतीवरच्या आपल्या घरातल्या तसबिरी पाहाव्यात.

रंगाची काळजी करायचीच असेल तर एका रंगाची करा. तो म्हणजे पिवळा. इथून पुढचा मजकूर घरातल्या पुरुषमंडळींनीही वाचावा, कारण रात्री रिक्षा शोधायला त्यांनाच जायचे असते.

पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी साठेक बाळे पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी होतात. जन्मल्यावर बाळाच्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून पिवळे द्रव्य निघते, आणि बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकण्याची सवय व्हायला काही दिवस लागतात. ही साधी कावीळ पहिल्या २४ तासांनंतर सुरू होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढते आणि दोन आठवड्यांत जाते. वरचेवर अंगावर पाजणे हाच त्यावर घरातला उपाय. पाणी, ग्लुकोजचे पाणी, मध, गुटी यांनी ती उतरत नाही. त्याने बाळाचे पोट भरते आणि दूध पिणे कमी होते.

पण हेच पिवळे द्रव्य फार वाढले तर ते मेंदूत शिरते. मग बाळ वाचले तरी बहिरे होते, हातपाय ताठ होतात, आयुष्यभर दुसऱ्याच्या आधारावर राहते. हे टाळता येते, फक्त वेळेवर पाहिले पाहिजे. आपल्या सावळ्या बाळांत पिवळेपणा चटकन लक्षात येत नाही. म्हणून दिवसा, दाराशी उजेडात बाळाला उघडे करावे. कपाळावर, छातीवर, मांडीवर आणि तळपायावर बोट दाबून सोडावे. बोटाखालची जागा पिवळी दिसते का पाहावे. हिरड्या आणि डोळ्यांचे पांढरे पाहावे. पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा जन्मल्यापासून २४ तासांच्या आतच बाळ पिवळे पडले, किंवा पिवळे बाळ सुस्त पडून दूध ओढेना, तर त्याच क्षणी दवाखाना. आईचा रक्तगट ओ किंवा निगेटिव्ह असेल तर आधीपासून सावध राहावे. दोन आठवडे उलटूनही बाळ पिवळेच आहे आणि शी पांढुरकी, चुन्यासारखी होते, लघवीने लंगोटावर गडद पिवळे डाग पडतात, तर पित्ताची वाट बंद असण्याची शक्यता असते. त्याचे ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झाले तरच चांगला गुण येतो.

पाचव्या दिवशी आपल्यातल्या काही घरांत अजूनही गुपचूप पाटा-वरवंटा मांडला जातो. सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे का, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘आईंचे मन मोडवत नाही.’ माझी आईंना विनंती आहे. पाचवा दिवस तुम्ही चुकवू नकाच. त्या दिवशी सकाळी नातवाला मांडीवर घ्या, उजेडात उघडे करा आणि वर सांगितल्याप्रमाणे तळपायापर्यंत बोट दाबून पाहा. कावीळ सर्वांत जास्त असण्याचे दिवस हेच.

काविळीची माळ घालणारे, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणारे बाबा जागोजागी आहेत. माळ लांब होत जाते तसतशी कावीळ उतरते म्हणतात. माळेतल्या काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी लांबते. मोठ्या माणसाची साधी कावीळ तशीही बरी होणार असते म्हणून बाबांचे नाव होते. नवजात बाळाच्या बाबतीत दोन दिवस बाबांकडे गेले तर ते दोन दिवस परत मिळत नाहीत.

दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात. ‘पेटीत ठेवले’ म्हणून घरात रडारड होते. घाबरू नये. त्या प्रकाशाने पिवळे द्रव्य बदलते आणि शी-लघवीतून निघून जाते. हा उपाय सुचला तो एका परिचारिकेच्या निरीक्षणातून. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या इस्पितळात सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात फिरवून आणत. १९५६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी, त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग फिके पडले होते आणि चादरीचे टोक जिथे अंगावर आले होते तेवढाच त्रिकोण पिवळाजर्द राहिला होता. तिथून दिव्यांचा शोध लागला. मात्र म्हणून घरी कोवळ्या उन्हात धरून भागेल असे समजू नका. उघड्या अंगाने बाळ गारठते, ऊन चढले तर भाजते, आणि वाढलेल्या काविळीला ते ऊन पुरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. थोरल्याची झबली, दुपटी धाकट्यासाठी ट्रंकेत ठेवतात आणि वर डांबरगोळ्या टाकतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक घटक कमी असतो. डांबरगोळ्यांच्या वासाने त्यांचे रक्त फुटते आणि कावीळ भडकते. आपले बाळ त्यातले आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच.

बाळाच्या कोवळ्या कातडीवर सर्वांत मोठा जुलूम चटक्यांचा. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. आदिवासी बांधवांना हसण्याचे कारण नाही. जिथे डॉक्टर कोसांवर आणि रस्ता पावसात वाहून गेलेला, तिथे आईच्या हाती जे असते ते ती करते. आपल्या हाताशी दवाखाना असताना आपण बिब्ब्याचे डाग देतो, त्याला काय म्हणायचे? बिब्ब्याने कातडी जळते, फोड येतात, आणि आतला आजार जिथल्या तिथे राहतो.

कोणते फोड धोक्याचे, तेही सांगते. पू भरलेले फोड दहा किंवा जास्त असतील, किंवा एकच पण मोठे गळू असेल, तर जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. दोन-चार असले तरी आशाताईंना किंवा सिस्टरना दाखवावे. पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका, तळहात-तळपायांवरचे फोड, भाजल्यासारखी सुटणारी कातडी, बेंबीभोवती लाली, बेंबीतून पू किंवा घाण वास, हे सारे दवाखान्याचे. हातपाय निळसर असणे पहिल्या दिवशी चालते, पण ओठ किंवा जीभ निळी पडली तर एक मिनिट दवडू नये. त्वचा कशीही असो, बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागले, छाती आत ओढू लागले, तर तेच.

बेंबीला काही लावू नये. हळद, राख, तेल, शेण, काहीच नाही. नाळ कोरडी ठेवली की पाच ते पंधरा दिवसांत गळून पडते. नाळेतून शिरणाऱ्या धनुर्वाताने पूर्वी कितीतरी बाळे दगावत. आयांना दिलेल्या इंजेक्शनांमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे तो भारतातून जवळजवळ हटला, २०१५ साली तसे जाहीर झाले. काजळही नको. त्यात शिसे असू शकते, आणि डोळे येतात ते वेगळेच. दृष्ट लागू नये म्हणून गालावर टीट लावायची तर तीही त्याच काजळाची.

आपली घरे पत्र्याची, दहा बाय दहाची. चैत्र-वैशाखात त्यात बाळाला टोपडे, मोजे, झबले, वर दोन दुपटी, आणि बाजेखाली शेगडी! मानेवर, पाठीवर घामोळ्या येणार नाहीत तर काय होईल? आपण जेवढे कपडे घातले त्याहून एक पदर जास्त, एवढेच बाळाला पुरे. घामोळ्यांवर पावडर थापू नये, ती नाकातोंडात जाते. ओल्या कापडाने पुसावे, हवा लागू द्यावी. धुरी आणि शेगडीचा धूर बाळाच्या छातीला वाईट, बंद खोलीत तर जीवावरचा. तेलाने हलके चोळणे चांगले, नारळाचे तेल उत्तम. मोहरीचे तेल नको, त्याने कातडी चुरचुरते.

लंगोट जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे सर्वांत बरे. सोड्याने धुतले तर स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावेत, सोडा राहिला की ढुंगण लाल होते. कडक उन्हात वाळवावेत, पावसाळ्यात इस्त्री फिरवावी. ओला लंगोट लगेच बदलावा, दिवसातून थोडा वेळ बाळाला लंगोटाविना ठेवावे. बाजारचे डायपर वापरत असाल तर पैसे वाचवण्यासाठी एकच दिवसभर ठेवू नका. जांघेच्या घड्यांत लालभडक होऊन कडेला बारीक पुळ्या आल्या तर ती बुरशी असते, तिला डॉक्टरांनी दिलेलेच मलम लागते. मेडिकलवाला ‘सगळ्यावर चालते’ म्हणून जी ट्यूब देतो तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. तिने दोन दिवस बरे वाटते, मग कातडी पातळ होते, बुरशी वाढते.

या कामात घरी येणाऱ्या आशाताईंना चहा देऊन वाटेला लावू नका. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ पाहायचे असते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. २०११ पासून देशभर चाललेल्या या कामाचा पाया गडचिरोलीत घातला गेला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवले. तिथे नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ते काम थोड्याच इयत्ता शिकलेल्या बायांनी करून दाखवले. आशाताई आल्या की बाळाचे सगळे कपडे काढून दाखवा, नुसता चेहरा नको.

सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार, औषधे, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. १०२ किंवा १०८ वर फोन करावा. कुणी पैसे मागितले किंवा बाहेरून औषध आणायला सांगितले तर योजनेचे नाव घेऊन विचारावे : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. हा हक्क आहे, उपकार नाहीत.

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे की दोन महिन्यांच्या मुलीच्या डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या धरल्या आहेत, सासूबाई म्हणतात टाळू नीट भरली नाही म्हणून असे झाले, हे खरे का? खरे नाही. हा संसर्ग नाही, अस्वच्छताही नाही. बाळाच्या डोक्याच्या त्वचेत तेल जास्त सुटते म्हणून खपली धरते, आणि काही महिन्यांत आपोआप जाते. रात्री थोडे नारळाचे तेल लावून खपली मऊ होऊ द्यावी, सकाळी कोमट पाण्याने धुऊन मऊ फणीने हळूच विंचरावे. नख लावू नये. खपली भुवयांपर्यंत, कानामागे पसरली, लाल होऊन ओलसर झाली तर डॉक्टरांना दाखवावे. केस काढायचे ठरले असेल तर डोके स्वच्छ होईपर्यंत थांबावे आणि न्हाव्याला नवे ब्लेड वापरायला सांगावे.